आधी ओट्याखाली बसा, मग शेड कार्ड उघडा

आमच्या घरी शेड कार्ड आधी आलं, रंगारी नंतर. तीन रविवार आम्ही 'करडा की फिकट हिरवा' यात घालवले. सिंकखालचं दार खालच्या कडेला पाण्यात पडलेल्या पावासारखं फुगलंय, हे मात्र घरातल्या चौघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते रंगाऱ्याच्या लक्षात आलं, तेही दारं उतरवून झाल्यावर आणि निम्मे पैसे आगाऊ दिल्यावर. शेवटी दोन दारं नवी करावी लागली, सुताराची मजुरी वेगळी द्यावी लागली आणि हिशेब असा चुकला की आणखी थोडे घातले असते तर सगळीच दारं नवी झाली असती.

म्हणून स्वयंपाकघरातली कपाटं व्यावसायिकाकडून रंगवून घ्यावीत का, असं कुणी विचारलं की मी रंगाबद्दल बोलतच नाही. एक टॉर्च घ्या, एक बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि अर्धा तास ओट्यासमोर जमिनीवर बसा, एवढंच सांगतो. निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच होतो.

बसल्यावर आधी हे पाहा की तुमच्याकडे कपाट आहे की नुसती दारं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या स्वयंपाकघरांत ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या असतात, त्यांच्यात स्टीलच्या ट्रॉल्या सरकतात आणि लाकडाची म्हणावीत अशी फक्त पुढची शटर्स असतात. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी खात नाही. अशा घरात प्रश्न केवळ आठ-दहा दारांचा आहे. दारं उतरवायची, रंगवायची किंवा नवी बसवायची. मागचा सांगाडा पुढची वीस वर्षं तसाच राहील. पण तुमचं किचन जर खोक्यांचं असेल, म्हणजे बाजू, तळ, पाठ सगळं प्लायचं किंवा पार्टिकल बोर्डचं, तर दारांपेक्षा त्या खोक्यांची तब्येत महत्त्वाची. कुजक्या खोक्याला रंगवलेलं दार लावलं तर बिजागरीचा स्क्रू वर्षभरात भुसा घेऊन बाहेर येतो.

आता स्क्रूड्रायव्हर. सिंकखालच्या खोक्याचा तळ, पाइप भिंतीत जातो तो कोपरा, फरशी पुसताना फडका लागतो ती दारांची खालची कड आणि पाण्याच्या फिल्टरखालची जागा, एवढ्या ठिकाणी टोक हलकेच दाबा. टोक आत गेलं तर तिथे रंगाचं काम उरलेलं नाही. बोटानं टकटक करून पाहा; पोकळ आवाज आला आणि मागे भिंतीला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर आधी वाळवीवाला बोलवा, रंगाऱ्याला नंतर.

दार कशाचं आहे हे ओळखायला ते फोडावं लागत नाही. बिजागरी काढली की तिच्या वाटीचं ३५ मिलिमीटरचं गोल भोक दिसतं. त्या भोकाच्या कडेला एकावर एक पापुद्रे दिसले तर प्लाय. तपकिरी, एकसारखं, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसलं तर एमडीएफ. आणि राजगिऱ्याच्या वडीसारखे बारीक-मोठे तुकडे चिकटवलेले दिसले तर पार्टिकल बोर्ड. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का सापडला तर नशीबवान आहात, ते उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकणारं, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतो ते. आयएस ३०३ मधला एमआर प्लाय दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगले की वाळल्यावर मूळ जाडीवर परत येत नाहीत. ते घासून सपाट करता येतं असं सांगणारे भेटतात. घासल्यावर सपाट दिसतं खरं, पण आतला माल सुटलेला असतो आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या रंगाखालून तीच कड वर येते.

सांगाडा आणि दारं धड निघाली असं धरू. मग पाहायचं ते वरचं आवरण, कारण रंग लाकडाला नव्हे, त्या आवरणाला धरतो.

सर्वांत जास्त घरांत असतो तो सनमायका. खरं तर ते एका ब्रँडचं नाव. वस्तूचं नाव लॅमिनेट. पण सुतारापासून सासूबाईंपर्यंत सगळे सनमायकाच म्हणतात. त्याचा पृष्ठभाग मेलामाइन रेझिनचा असतो. घट्ट, गुळगुळीत, काही न शोषणारा. पातेलं घासलं तरी ओरखडा सहज पडू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो, आणि नेमका म्हणूनच रंगही त्याच्यावर सहज बसत नाही. तो नीट घासून खरबरीत केला, धूळ पुसली आणि लॅमिनेटला धरणारा खास प्रायमर मारला तरच वरचा थर टिकतो. जो रंगारी 'एक हात प्रायमर, दोन हात पेंट, दोन दिवसांत काम' म्हणतो त्याला सनमायक्यापुढे उभं करू नका. आणि सनमायका कडेला सुटायला लागला असेल तर तो आधी चिकटवून घ्या, नाहीतर रंगाचा थर त्या फटीवरच तडकतो.

दुसरा प्रकार मेम्ब्रेनचा. एमडीएफवर पीव्हीसीची पातळ कातडी गरम करून ओढून बसवलेली असते, दारावर नक्षीचे खाचे असतात. शेगडीच्या आणि ओव्हनच्या शेजारी ती उष्णतेनं सुटते, कोपऱ्यातून साप कात टाकतो तशी. सुटत्या कातडीवर रंग मारणं म्हणजे पैसे कातडीबरोबर सोलून टाकणं. मात्र हीट गननं ती पूर्ण काढली आणि खालचं एमडीएफ कोरडं, सपाट निघालं, तर रंगकामासाठी याहून सोपा पृष्ठभाग नाही. अशी दारं रंगवून घ्यावीत असंच मी सांगेन.

तिसरा, जुना ऑइलपेंट. वाड्यांतल्या फडताळांना, चाळीतल्या भिंतीतल्या कपाटांना तो असतोच, थरावर थर. इथे एक सावधगिरी हवी. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि तो कोरडा घासला की ती पूड हवेत उडते, फरशीवर बसते. घरात रांगतं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर ओल्या पॉलिश पेपरनं घासायला सांगा, आणि शक्यतो दारं उतरवून घराबाहेर.

चौथा, सागवानी दारं आणि त्यावर पॉलिश. इथे माझा पक्षपात उघडच सांगतो: चांगला सागवान रंगाखाली गाडू नका. पुन्हा पॉलिश करून घ्या. भावना बाजूला ठेवली तरी एक व्यवहारी कारण उरतं. अस्सल लाकडाची चौकट आणि मधली फळी ऋतूनुसार थोडी फुगते, आकसते. अपारदर्शक रंग मारला की सांध्यांवर केसासारख्या रेषा उमटतात आणि गिऱ्हाईक रंगाऱ्याशी भांडत बसतं. पॉलिशमध्ये त्या रेषा जाणवत नाहीत.

जुनं पॉलिश कशाचं आहे ते कळायला दाराच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं. स्पिरिटनं काही झालं नाही पण नेलपॉलिश काढायच्या द्रावणानं विरघळलं तर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हे रंगाऱ्याला आधी सांगितलंत तर त्यालाही कळतं की समोरचं माणूस अगदीच कोरं नाही.

एवढं झाल्यावर मी लोकांना आणखी एक काम सांगतो आणि त्याचा सगळ्यांना राग येतो. कपाटं धुवा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण, मऊ फडका, हँडलच्या खाचेसाठी जुना टूथब्रश. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना आणि हँडल्सना सोडा लागू देऊ नका, काळी पडतात. पंधरा वर्षांच्या फोडण्यांचा थर उतरला की बऱ्याच घरांत कळतं, मूळचा रंग पिवळा नव्हताच. तिथे नवी हँडल्स आणि दोन बिजागऱ्या यावर भागतं. आणि रंगवायचंच ठरलं तरी ही मेहनत वाया जात नाही, कारण तेलावर कुठलाच रंग बसत नाही. फर्निचर चमकवायचा सिलिकोनचा स्प्रे वर्षानुवर्षं मारत असाल तर तेही रंगाऱ्याला सांगा. त्याच्या अंशामुळे ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात.

आता मुख्य प्रश्न. व्यावसायिक माणूस जास्तीचं काय देतो? ब्रश तर घरातही आहे. माळ्याची दारं, गॅलरीतलं कपाट, चपलांचा स्टँड हे पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलनं घरच्या घरी रंगवावं, मजा येते. पण ओट्याच्या दारांवर रोज वाफ, तेल, ओले हात आणि घासणीचा मारा असतो. तिथे टिकतो तो दोन घटकांचा पीयू, म्हणजे रंग आणि हार्डनर ऐनवेळी ठरलेल्या प्रमाणात मिसळून स्प्रेनं मारायचा. मिसळल्यावर काही तासांत तो वापरावाच लागतो. हे काम सवयीच्या हाताचं आहे.

भाव विचारायला गेलात की तुम्हाला 'ड्यूको' हा शब्द ऐकू येईल. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीनं १९२० च्या दशकात मोटारींसाठी काढलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं हे नाव; तो शब्द आपल्या रंगाऱ्यांच्या तोंडी राहिला. अडचण अशी की आज कुणी ड्यूको म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एनसी असू शकतं, पीयूही असू शकतं. एनसी लवकर सुकतं, स्वस्त पडतं, पण उष्णतेला आणि थिनरला हळवं असतं आणि पांढरं असेल तर पिवळं पडतं. म्हणून 'ड्यूको काय भावानं?' असं न विचारता 'कुठल्या कंपनीचा, दोन घटकांचा पीयू का, डबे माझ्यासमोर उघडणार का?' असं विचारा. साधा ऑइलपेंट तर पांढऱ्या रंगात घेऊच नका. उजेड कमी असलेल्या जागी तो हटकून पिवळा पडतो आणि बंद दारांच्या आतल्या बाजूला सर्वांत आधी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: काम कुठे करणार? चांगला माणूस दारं उतरवून, प्रत्येकाला नंबर टाकून आपल्या वर्कशॉपमध्ये नेतो. तिथे धूळ कमी असते, दार आडवं ठेवून मारता येतं, त्यामुळे ओघळ येत नाहीत. घरीच स्प्रे मारणारा माणूस प्लास्टिकचे पडदे लावील, पण समोरच्या इमारतीचं बांधकाम थांबवणार नाही. शिवाय पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यानं दम्याचा त्रास होऊ शकतो. रंगारी तोंडाला रुमाल बांधून उभा राहिला तर तो स्वतःच्या फुप्फुसांशी खेळतोय हे त्याला सांगा. घरात काही मारावंच लागलं, खोक्यांच्या बाजू वगैरे, तर गॅस रेग्युलेटरपासून बंद, पाइपलाइन असेल तर तिचा मुख्य कॉक बंद, खिडक्या उघड्या, देवाजवळचं निरांजनही त्या दिवशी नको. थिनरच्या वाफा पेट घेतात. वयस्कर मंडळींना आणि मुलांना दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवा.

आणि कधी करायचं? इथे आपली सगळ्यांची एक सामूहिक चूक होते. घराचा रंग म्हटला की 'गणपतीच्या आधी'. म्हणजे नेमका श्रावण-भाद्रपद, हवा ओली गच्च. एनसी अशा हवेत पांढुरका पडतो. पीयूचा हार्डनर तर पाण्याशीच अभिक्रिया करतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे, टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. रत्नागिरी, अलिबाग, गोवा, मुंबईची किनारपट्टी इथे हा त्रास जास्त. आमची दारं अशीच गौरींच्या चार दिवस आधी परत आली आणि उजेडात तिरकी धरली की संत्र्याच्या सालीसारखी दिसतात, अजूनही. उलट विदर्भात मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत फवारा दारावर पोचायच्या आतच सुकू लागतो आणि हाताला खरखर लागते. दिवाळी उरकल्यापासून होळीपर्यंतचा काळ बहुतेक महाराष्ट्रात या कामाला उत्तम. त्या वेळी रंगाऱ्याच्या मागेही घाई नसते.

पैशांचा हिशेब स्वतः मांडा, त्याला टेप आणि कागद पुरतो. समजा दहा फुटांचा ओटा, खालची दारं सव्वादोन फूट उंच: साडेबावीस चौरस फूट. वरची कपाटं आठ फूट लांब, दोन फूट उंच: सोळा. एकूण साडेअडतीस चौरस फूट. पण हा झाला एका बाजूचा आकडा. आतली बाजू धरली तर सत्त्याहत्तर. सगळे वाद याच ठिकाणी होतात. कोटेशनमध्ये 'चौरस फुटाचा दर' एवढंच लिहिलेलं असतं. तो एका बाजूचा की दोन्ही, कडेची जाडी धरली का, पुट्टी आणि घासाई त्यात की वेगळी, दारं उतरवणं-चढवणं, ने-आण कोणाची, हे सगळं वाक्यावाक्यानं लिहून घ्या. आतली बाजू रंगवायची नाही असं ठरवलंत तरी ती उघडी, कोरी ठेवू नका. एका बाजूला जाड थर आणि दुसरी बाजू उघडी असली की दमट हवेत दार वाकतं.

मग याच साडेअडतीस फुटांचा दुसरा हिशेब सुताराकडून घ्या. सनमायक्याची शीट आठ बाय चारची, म्हणजे बत्तीस चौरस फुटांची. कापाकापी धरून बाहेरच्या बाजूला दोन लागतील, आतल्या बाजूला पातळ लायनर. जुन्यावर नवा चिकटवायचा म्हणाला तर दाराची जाडी वाढेल, दोन दारांमधली फट कमी होईल, बिजागऱ्या पुन्हा जुळवाव्या लागतील, हे त्याला विचारून ठेवा. तिसरा हिशेब नवी दारं, जुनाच सांगाडा. तीनही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं.

माझं मत विचाराल तर असं. दारं सपाट, साध्या सनमायक्याची असतील आणि फक्त रंग जुनाट वाटत असेल, तर पीयूपेक्षा नवा सनमायका किंवा नवी दारं बहुधा शहाणपणाची. ओट्याच्या झटापटीत सनमायक्याला तोड नाही आणि चांगला पीयू स्वस्त नसतो. दारांवर नक्षी, खाचे, गोलाई असेल, किंवा ती आधीच रंगवलेली असतील, तर सनमायका तिथे बसतच नाही आणि व्यावसायिक रंगकाम हाच खरा मार्ग. भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाला विचारल्याशिवाय काहीच करू नका, आणि विचारल्यावरही त्याच्याच खर्चानं करा.

रंगवायचं नक्की झालं की आता ते शेड कार्ड काढा. पांढरा मॅट रंग मासिकातल्या फोटोत सुंदर दिसतो, कारण त्या स्वयंपाकघरात कुणी हळद वापरलेली नसते. हळदीचा डाग उन्हात विरतो हे खरं, पण ओट्यावर ऊन कुठून आणणार? मॅट पृष्ठभाग तेल धरून ठेवतो, आरशासारख्या ग्लॉसवर प्रत्येक बोट उमटतं, गडद रंगावर पिठाचे हात दिसतात. शेगडीच्या आजूबाजूला सॅटिन आणि मध्यम छटा, वरच्या कपाटांना हवा तो फिका रंग, असं केलं तर नांदता येतं. हँडल बदलायचं असेल तर दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा. ते बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. तेवढ्याच अंतराचं घेतलं तर जुनी भोकं चालतात, नाहीतर रंगाच्या आधी ती बुजवून नवी पाडून घ्यावी लागतील. रंगानंतर ड्रिल चालवणं म्हणजे नव्या साडीला कात्री लावण्यासारखं.

सगळी दारं देण्याआधी एकच दार रंगवून मागा. नकार देणाऱ्याला सोडा. ते आल्यावर आठ दिवस थांबा, कारण पीयू हाताला तासाभरात कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा घेतो. मग मागच्या बाजूला ब्लेडनं बारीक जाळी ओढा, पाच-सहा रेघा उभ्या, पाच-सहा आडव्या, त्यावर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपला रंगाचे चौकोन चिकटून आले तर प्रायमर चुकला. एकही आला नाही तर बाकीची दारं बिनधास्त द्या.

पैसे तीन टप्प्यांत ठेवा आणि शेवटचा टप्पा दारं चढवून झाल्यावरचा. त्या दिवशी दिवे लावून नव्हे, सकाळी खिडकीच्या उजेडात प्रत्येक दार तिरकं पाहा. खालच्या कडेवरून बोट फिरवा. पाणी सर्वांत आधी तिथेच लागतं आणि घाईत तीच कड कोरी राहते. बिजागरीच्या वाटीच्या भोकात आतून सीलर लागलाय का तेही बघा. रंगाचा छटा क्रमांक लिहून घ्या, आणि डागडुजीसाठी उरलेला रंग मागताना न मिसळलेला मागा, हार्डनर वेगळ्या बाटलीत. मिसळलेला डबा घरी आणलात तर दुसऱ्या दिवशी त्यात दगड सापडेल. पहिला आठवडा दारं ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि पुरणपोळ्यांचा बेत असेल तर तो पुढच्या रविवारी ठेवा.